कोपरा फाटलेला डॉलर

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मला तो खपवला:
एक डॉलर, डावा कोपरा नखभर फाटलेला.
नॉम पेन्हमध्ये असली नोट कुणी घेत नाही.
नारळवाली घेत नाही, न्हावी घेत नाही,
देवळापुढचा भिकारीसुद्धा
उन्हाकडे धरून बघतो
आणि दोन्ही हातांनी, अदबीनं, परत करतो.

मृदुला सहाला कारखान्याच्या गाडीत बसते,
दिवसभर दुसऱ्यांच्या शिवणी तपासते.
मी घर बघतो.
म्हणजे नक्की करता काय,
इस्लामपूरहून मेहुणे फोनवर विचारतात.
पत्ता शोधतो, मी सांगतो.

खरंच. आमच्या गल्लीत सत्तेचाळीस नंबरची घरं तीन.
एकात आम्ही, एकात दात बसवणारा,
तिसऱ्यात एक कोंबडा आणि बंद शटर.
गॅसवाला फोन करतो, मी खाली उतरतो,
दोघं एकमेकांना दिसत असतो
आणि तरी कानाला फोन लावून —
कुठं? इथं. इथं म्हणजे कुठं?

वार मात्र ओळखीचे निघाले.
आतित, चान, पुत, सोक, साव:
आपलीच भांडी दुसऱ्याच्या मांडणीवर दिसावीत,
पोचे वेगळ्या जागी.
आणि वडिलांहून थोरल्या कुणालाही
हाक मारायची ती ‘ओम’.
पहिल्यांदा म्हणताना माझे डोळे आपोआप मिटले.
भाजीवाल्या ओम सावूनला वाटलं, मला घेरी आली.
तिनं बादलीतलं पाणी तोंडावर मारलं,
कोथिंबिरीचं.

तिच्याकडून मी गवती चहा घेतो.
इथं तो माशाच्या वाटणात जातो,
हळद आणि कोळिंजनाबरोबर.
मी तो चहात घालतो हे कळलं तेव्हा
तिनं आजूबाजूच्या चार बायकांना बोलावून
पुन्हा सांगायला लावलं.

गेल्या वर्षी गल्लीत लग्नाचा मांडव पडला,
पहाटे पाचला भोंगा. मी कानात बोळे घातले.
यंदा दात बसवणाऱ्याच्या मुलीचं होतं.
खुर्च्या मी मोजून घेतल्या:
एकशे साठ, पैकी तीन मोडक्या.

चोवीस वर्षं मी कोर्टाच्या नक्कल विभागात
‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शिक्का मारत आलो.
दुपारी, कोंबडाही गप्प असतो तेव्हा,
हात उगाच टेबलावर पडतो.
शिक्का नाही. कागदही नाही.

शुक्रवारी ओम सावून पणतूला शाळेतून आणायला गेली.
बस जरा, म्हणाली. बसलो
प्लॅस्टिकच्या स्टुलावर, मांडीवर तिचा गल्ला.
एक उंच मुलगी आली, पाठीवर बोचकं,
खांद्यांची कातडी उन्हानं सोललेली.
तीन लिंबं घेतली. डॉलर पुढे केला.

माझा अंगठा कडेवरून फिरला, मी न सांगता.
उजव्या बाजूला चीर, तांदळाएवढी.
‘ऑत् ते,’ मी म्हणालो,
आणि दोन्ही हातांनी परत दिला.

तिनं तो उन्हाकडे धरला.
मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ,
मी इथलाच असल्यासारखं.
लिंबं एकेक करून ढिगावर ठेवली
आणि गेली.

हाक मारता आली असती.
लिंबं तशीच देता आली असती,
पण लिंबं माझी नव्हती.

ओमनं येऊन गल्ला मोजला,
मजुरी म्हणून गवती चहाची जुडी दिली.
पातं धारेचं. घरी येईतो बोट चिरलं.

रात्री तांदळाच्या डब्यात
मृदुलेच्या हाताला तो जुना डॉलर लागला.
मी काही सांगितलं नव्हतं.
तिनं तो दिव्याखाली धरला,
कारखान्यात धरते तसा, ताणून,
फाटलेल्या कोपऱ्यावर नख ठेवून मोजलं.
चहा उतू जायला आला होता.

एवढं असलं, ती म्हणाली,
तर आम्ही माल पास करतो.